विचारलं होतं मी

नक्कीरावांचं खरं नाव आता त्यांच्या पासपोर्टात आणि नोकरीच्या कागदांवर तेवढं उरलंय. सेम्बावांगच्या आमच्या ब्लॉकमधली मराठी मंडळी त्यांना नक्कीराव म्हणतात ते कौतुकाने नव्हे, आणि रागाने तर मुळीच नव्हे. खालचा चिनी किराणा दुकानदार मात्र अगदी आदराने 'मिस्टर नाकी' अशी हाक मारतो. हे नवरा-बायको दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत जो शब्द सगळ्यात जास्त वेळा कानावर येतो, ते या माणसाचं नाव असणार अशी त्याची समजूत आहे, आणि ती दुरुस्त करायची गरज आजवर कुणाला वाटलेली नाही.

वय पंचेचाळीसच्या आसपास, गाव कराड, मधे पुणं आणि बंगळूर, आणि आता बरीच वर्षं सिंगापूरचं हे उत्तर टोक. सकाळी सेम्बावांग स्टेशनवर लाल लाइनची गाडी पकडायची, पाऊण तासाने रॅफल्स प्लेसला उतरायचं, दिवसभर मोबाइलची ॲप लिहायची आणि संध्याकाळी परत यायचं. हे वर्णन इथल्या निम्म्या मराठी घरांना लागू पडेल. नक्कीरावांचं वेगळेपण ओळखलं ते त्यांच्या आईने. या आजी पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा त्यांनी सरळच विचारलं, "तू नेमकं करतोस तरी काय रे?"

नक्कीराव म्हणाले, "तू फोनवर काही पुसायला गेलीस की मधेच एक चौकोन उगवतो बघ. 'नक्की पुसायचं का?' असं विचारतो, खाली दोन बटणं असतात. तो चौकोन मी करतो."

"म्हणजे मधे मधे करायचं," आजी म्हणाल्या. "त्याचा पगार देतात?"

मी त्याच धंद्यातला, पण टेस्टर. दुसऱ्याने बांधलेलं मोडून दाखवायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे. त्यामुळे नक्कीरावांची थोरवी मला इतरांपेक्षा जरा जास्त कळते, आणि ती कबूल केलीच पाहिजे. त्यांच्या कंपनीच्या ॲपमध्ये पूर्वी ज्याने त्याने आपापला चौकोन केलेला होता. एकात 'ओके' आणि 'कॅन्सल', दुसऱ्यात 'येस' आणि 'नो', तिसऱ्यात नुसतंच 'ओके', म्हणजे पैसे अडकले तरी ओके. होकाराचं बटण कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. यात सगळा दोष लिहिणाऱ्यांचा नव्हता. अँड्रॉइडनेच २०११ साली चौथ्या आवृत्तीत होकार डावीकडून उचलून उजवीकडे नेला, आणि ज्यांचा कोड आधीचा होता त्यांचा होकार तिथेच राहिला. माणसं वाचून बटण दाबत नाहीत, जागा बघून दाबतात. जागा बदलली की 'हो'चं 'नाही' होतं.

नक्कीरावांनी एका पावसाळी शनिवारी हे सगळे चौकोन उपटून टाकले आणि एकच केला. कोडमधून कुठूनही त्याला हाक मारा, मथळा सांगा, मजकूर सांगा, बटणांवर काय लिहायचं ते सांगा. तो पडद्यावर येईल, विचारेल, आणि उत्तर काय मिळालं ते तुम्हाला आणून देईल. रंग एकच, बटणांच्या जागा ठरलेल्या, उद्या काही बदलायचं झालं तर एकाच ठिकाणी बदलायचं. मोजक्या ओळींचा तो तुकडा त्यांनी मला लॅपटॉपवर दाखवला होता. खरंच देखणा होता.

होता म्हणायचं, कारण पुढे लोक तो वापरायला लागले. एकाला मथळ्याशेजारी चित्र हवं झालं. एकाला बटण लाल हवं झालं, आयफोनवर धोक्याचं बटण लाल असतं तसं. कुणाला तिसरं बटण, कुणाला 'पुन्हा विचारू नका' अशी चौकट, कुणाला मजकुरात लिंक. विम्याच्या विभागाला तर पाच सेकंद होकार दाबताच येऊ नये, असं हवं होतं. शहाणा माणूस अशा वेळी म्हणतो, बाबांनो, तुम्हाला हवाय तो वेगळा चौकोन आहे, तो वेगळा करा. नक्कीराव म्हणाले, पुन्हा वापरता आला पाहिजे. दर मागणीला त्यांनी एक नवा पॅरामीटर, म्हणजे हाक मारताना सांगायची आणखी एक गोष्ट, घातला. मी शेवटचे मोजले तेव्हा सत्तावीस होते. आता त्या चौकोनाला हाक मारायला लागणारा कोड त्यात दिसणाऱ्या मजकुराच्या तिप्पट आहे, आणि 'इंटरनेट बंद आहे' एवढं सांगायलाही तो लाल बटण हवं की निळं हे आधी विचारून घेतो. आहेरातल्या टॉवेल-टोपीसारखी त्याची गत झाली. सगळीकडे चालतो, कामाला कुणाच्याच येत नाही.

हा झाला धंदा. पण नक्कीरावांनी ऑफिस आणि घर यांच्यात कधी भिंत ठेवली नाही. सन प्लाझात भाजी घेताना "टोमॅटो अर्धा किलो, नक्की?" टॅक्सी बोलावली की ड्रायव्हरला "वेलिंग्टन सर्कल, नक्की?" सेम्बावांगला हा प्रश्न अगदीच गैर नाही, कारण इंग्रजांनी इथे नौदलाचा तळ बांधला आणि साम्राज्यातल्या गावांची नावं रस्त्यांना वाटून टाकली. कॅनबेरा रोड, मॉन्ट्रियल ड्राइव्ह, वेलिंग्टन सर्कल, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पण ड्रायव्हर तीस वर्षं इथेच गाडी चालवतोय, त्याला न्यूझीलंडला जायची शंका कशाला येईल?

नक्कीरावांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, यावर फार पूर्वी उपाय शोधला. त्या प्रश्न पुरा व्हायच्या आत "हो" म्हणतात. कांदा चिरता चिरता, फोनवर बोलता बोलता, अर्धवट झोपेतसुद्धा. आमच्या धंद्यात याला सवय लागणं म्हणतात आणि सगळ्या चौकोनांचं मरण यातच असतं. शंभरदा निरर्थक विचारलं की एकशेएकाव्या वेळी अर्थाचं विचारलेलंही वाचलं जात नाही. नक्कीरावांनी एकदा असंच, चहाचा कप विसळता विसळता विचारलं, "आईला आणखी थोडे महिने ठेवून घेऊ या, नक्की ना?" वहिनी म्हणाल्या, "हो." व्हिसा वाढून आल्यावर त्यांना कळलं आपण कशाला हो म्हटलं ते. त्यावर नक्कीरावांनी जे वाक्य उच्चारलं ते आमच्या ब्लॉकमध्ये आता म्हणीसारखं वापरलं जातं: "विचारलं होतं मी."

माझं मत असं की नक्कीराव समोरच्याचं उत्तर हवं म्हणून विचारतच नाहीत. उद्या बिनसलं तर दाखवायला पावती हवी म्हणून विचारतात. तसे पुष्कळ चौकोनही याच कारणासाठी जन्माला येतात. तुमचे फोटो वाचावेत ही कळकळ त्यात थोडी. फोटो गेल्यावर तुम्ही फोन कराल तेव्हा "तुम्हीच हो म्हणालात" असं सांगता यावं, ही सोय जास्त.

हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, दगडी टेबलाशी, मी हवाईची गोष्ट काढली होती. १३ जानेवारी २०१८, सकाळी ८ वाजून ७ मिनिटं. हवाई बेटांवरच्या फोनवर इशारा झळकला की क्षेपणास्त्र येतंय, आसरा घ्या. 'चूक झाली' हे सांगणारा संदेश यायला ३८ मिनिटं लागली. लोकांनी पोरांना बाथटबमध्ये झोपवलं, गटारांची झाकणं उघडली. आणि हा इशारा पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याला संगणकाने रीतसर विचारलं होतं: हा इशारा नक्की पाठवायचा आहे का? पुढे चौकशीत निघालं की त्याला तो सराव वाटलाच नव्हता. खरोखरच हल्ला होतोय असं समजून त्याने बटण दाबलं होतं. त्याची खात्रीच होती.

"म्हणजे बघा," मी म्हणालो, "विचारून काय मिळालं?"

नक्कीराव बराच वेळ गप्प होते. मला वाटलं, आज काहीतरी आत गेलं. मग ते म्हणाले, "दोनदा विचारायला हवं होतं."

आता न्यायाने दुसरी बाजूही लिहितो. २०२१ च्या डिसेंबरात इथल्या एका मोठ्या बँकेच्या नावाने खोटे एसएमएस फिरले आणि ७९० ग्राहकांचे मिळून १ कोटी ३७ लाख डॉलर गेले. लगेच पुढच्या महिन्यात सिंगापूरच्या चलन प्राधिकरणाने आणि बँकांच्या संघटनेने नियम काढले: ग्राहकांना पाठवायच्या एसएमएस-ईमेलमधून लिंक काढून टाका, आणि कुणी नव्या फोनवर डिजिटल टोकन सुरू करायला गेलं तर ते किमान बारा तास सुरू होऊ देऊ नका. नक्कीरावांना त्या आठवड्यात आनंदाने झोप लागली नसावी. अख्खा देश आपल्यासारखं वागू लागला, असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत होते. नियम चांगलाच आहे, पण त्याचं श्रेय 'नक्की?'ला जात नाही. ज्याला भामट्याने फोनवर घाईला आणलंय तो माणूस कितीही चौकोन आले तरी 'हो'च दाबणार. त्याला वाचवतात ते बारा तास. प्रश्न विचारण्यापेक्षा वेळ द्यावा, नाहीतर केलेलं मागे घेता यावं. जेफ रस्किन या मॅकिन्टॉशवाल्याने २००० साली पुस्तक लिहून हेच सांगितलं. जीमेलमध्ये पाठवलेलं पत्र काही सेकंद मागे ओढता येतं, तिथे 'नक्की पाठवू का?' असं कुणी विचारत बसत नाही, आणि कुणाचं अडत नाही. नक्कीरावांचं यावर म्हणणं एकच: "मागे घेता येतं म्हटलं की माणूस बेफिकीर होतो."

वर्षातून एक दिवस त्यांचा खास आवडता आहे. १५ फेब्रुवारीला संध्याकाळी ६ वाजून २० मिनिटांनी सिंगापूरभर भोंगे वाजतात. १९४२ साली याच दिवशी इंग्रजांनी जपान्यांपुढे शस्त्रं खाली ठेवली त्याची ती आठवण. आमच्या सेम्बावांगचा नौदल तळ त्याच्या जेमतेम चार वर्षं आधी, फेब्रुवारी १९३८ मध्ये थाटामाटात उघडला होता. अवाढव्य गोदी, तोफा, सगळं. जपानी मात्र आले ते समुद्राकडून नव्हे, तर पलीकडच्या जोहोरच्या जंगलातून. बाकी मंडळी भोंगा ऐकून क्षणभर थांबतात आणि चालू लागतात. नक्कीराव गॅलरीत उभे राहून तो शेवटपर्यंत ऐकतात. इशारा असावा तर असा, म्हणतात: वेळ आधी ठरलेली, सगळ्यांना सारखा, आणि उत्तर कुणीच द्यायचं नाही.

एरवी इशाऱ्यांशी त्यांचं तितकंसं जमत नाही. सेम्बावांग पार्कात समुद्राकाठी फिरायला गेलं की पलीकडे जोहोर दिसतं, आणि कधी कधी फोन पलीकडचा टॉवर पकडतो. मग संदेश येतो, मलेशियात आपलं स्वागत आहे. आम्ही हसतो आणि पुढे जातो. नक्कीराव थांबतात, पायाखालची वाळू बघतात, पलीकडचा किनारा बघतात. गरम पाण्याच्या झऱ्यावर तर त्यांना न्यायची सोयच राहिली नाही. गॅम्बास ॲव्हेन्यूजवळच्या त्या बागेत ७० अंशांच्या पाण्यात लोक बादलीत अंडी ठेवून उकडतात. अर्धा तास गप्पा मारायच्या आणि मग अंडी काढायची, इतकं साधं काम. नक्कीराव दर तीन मिनिटांनी "झाली असतील, नक्की?" विचारतात. कुणीतरी कंटाळून हो म्हणतं, अंडं फोडलं जातं, आणि बलक मुलाच्या शर्टावर ओघळतो. पुढचं वाक्य तुम्हाला माहीतच आहे.

त्यांची आणखी एक खोड आहे, ती कळायला थोडं अँड्रॉइड सांगावं लागेल. चौकोन हवेत उभा राहत नाही, त्याला खाली एक जिवंत पडदा लागतो; अँड्रॉइड त्याला ॲक्टिव्हिटी म्हणतं. फोन आडवा केला की अँड्रॉइड तो पडदा मोडून नव्याने उभारतं. त्याला धरलेला चौकोन त्या गडबडीत नाहीसा होतो, म्हणून गूगलने २०११ मध्ये हनीकोंब आवृत्तीबरोबर त्याला सांभाळून धरणारी वेगळी सोय दिली. पण सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे सर्व्हरकडून उत्तर येईपर्यंत माणूस तो पडदा सोडून निघून गेलेला असतो आणि कोड मात्र तिथेच चौकोन दाखवायला जातो. मग ॲप कोसळतं, आणि कोसळताना अँड्रॉइड विचारतं: तुमची ॲक्टिव्हिटी चालू आहे ना? लिहिणाऱ्याने आधी तपासायचं असतं की समोर कुणी आहे का. नक्कीराव कोडमध्ये हे कटाक्षाने तपासतात. घरात मात्र वहिनी चपला घालून, दार ओढून, लिफ्टने खाली जाऊन स्टेशनच्या वाटेला लागल्यावर बैठकीच्या खोलीतून प्रश्न येतो, "छत्री घेतलीस, नक्की?" उत्तर आजी देतात. "गेली ती," म्हणतात, आणि टीव्हीचा आवाज वाढवतात.

आजी हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्या कुठल्याच चौकोनाला हो म्हणत नाहीत की नाही म्हणत नाहीत. चौकोन आला की त्याच्या बाहेर, रिकाम्या जागी बोट टेकवतात, तो निघून जातो. "विचारणाऱ्याला उत्तर दिलंच पाहिजे असं कुठे आहे?" फ्लटरमध्ये लिहिलेल्या ॲपमध्ये असं बाहेर बोट टेकवलं की 'हो'ही परत येत नाही आणि 'नाही'ही येत नाही, 'नल' येतं. काही नाही, या अर्थी. या तिसऱ्या उत्तराचं काय करायचं ते लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं, आणि बहुतेकांना ते सुचतच नाही.

नक्कीरावांनाही सुचलं नव्हतं, हे गणपतीत उघड झालं. सेम्बावांग, कॅनबेरा आणि यिशुनकडची काही घरं मिळून आम्ही एक घरगुती गणपती करतो. जेवायला किती येणार याचा आकडा वहिनी दरवर्षी वहीत लिहितात. त्या वर्षी नक्कीरावांनी ॲप केलं. फ्लटरमध्ये, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालणारं, आणि अर्थातच ऑफिसच्याच धर्तीचा सत्तावीस पॅरामीटरांचा चौकोन त्यात. लोकांनी नावं नोंदवली. तिथेच थांबले असते तर सगळं निभावलं असतं. पण आदल्या संध्याकाळी ॲप उघडलं की एक चौकोन येई: 'उद्या जमणार नसेल तर नोंदणी रद्द करायची का?' खाली दोन बटणं. एकावर 'रद्द करा', आणि दुसऱ्यावर, त्या चौकोनात नकाराचा शब्द पहिल्यापासून तोच असल्यामुळे, 'रद्द'.

मी तो चौकोन दोन वेळा वाचला, बाहेर बोट टेकवून घालवला आणि फोन खिशात ठेवला. इतरांनी आपापल्या मगदुराप्रमाणे दाबलं. जे येणार होते त्यांतल्या काहींना वाटलं, हा चौकोन रद्द करा, आणि त्यांनी 'रद्द करा' दाबलं. बाकीच्यांनी आजींची पद्धत वापरली, बाहेर बोट टेकवलं. नक्कीरावांच्या कोडमध्ये 'नाही' आलं तरच नोंदणी ठेवायची असं होतं. 'नल' म्हणजे 'नाही' नव्हे, म्हणून त्याही नोंदण्या गेल्या. ज्यांना खरोखर यायचं नव्हतं त्यांनी 'रद्द' दाबलं, आणि त्यांच्या तेवढ्या राहिल्या.

रात्री नक्कीरावांनी यादी काढली. महाप्रसादाला येणार होती पाच नावं: एक ते स्वतः, एक त्यांनीच चाचणीसाठी टाकलेलं 'टेस्ट टेस्ट', आणि तीन घरं, जी त्या आठवड्यात सुट्टीला भारतात गेली होती.

"अगं, मोदक कमी सांग," ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले. "पाचच जण आहेत. नक्की."

प्रश्नचिन्हाशिवाय हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. वहिनी सारण परतत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "एक्केचाळीस आहेत. दोघांना साखर नको, गोऱ्यांकडची सून उपास धरणार आहे, आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा उशिरा येतील."

"पण यादीत तर..."

"दुपारी प्रत्येक घरी फोन केला," वहिनी म्हणाल्या. "विचारलं होतं मी."

दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मोदकाच्या रांगेत उभ्या उभ्या मी त्यांना दोन बग नोंदवून दिले. एक 'नल'चा, एक बटणांवरच्या शब्दांचा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि नंतर खरंच दोन्ही दुरुस्त केले. आता बटणांवर 'येतोय' आणि 'येत नाही' असं स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि बाहेर बोट टेकवलं तर नोंदणी जागच्या जागी राहते. शिवाय त्यांनी एक पॅरामीटर वाढवलाय, अठ्ठाविसावा. त्याचं नाव 'आधीच विचारलंय'. तो 'हो' ठेवला की चौकोन पडद्यावर येतच नाही. कोड मला दाखवायला पाठवला तेव्हा मी पाहिलं, न सांगता तो 'नाही' असतो.